पाडव्याचा हिमचंपा

बाबा,

तुमच्या हिमचंप्याला यंदा बरोबर पाडव्याच्या दिवशी पहिलं फूल आलं. काल पाडवा झाला. आज सकाळी सातच्या आत मी पुन्हा तिथे गेले आणि फोनवर त्याचे फोटो काढले, चाळीसेक तरी काढले असतील. घरी येऊन चष्मा लावून एकेक बघितला आणि एक सोडून सगळे पुसून टाकले. हल्ली फोटो काढायला अक्कल लागत नाही, पुसायला लागते. जो ठेवलाय त्यातल्या फुलाच्या एका पाकळीवर तपकिरी डाग आहे. त्या डागाचं शेवटी सांगते, कारण आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं ऐकून घेणार नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलताना मला अजून इकडचं तिकडचं सांगून मगच मुद्द्यावर येता येतं.

मी कलकत्त्यात परत आलेय. ह्यांच्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी इथे पाठवलं. निघताना मैत्रिणींनी विचारलं, तिकडे तुझं कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. बालीगंजमध्ये फ्लॅट घेतला तो जुन्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, आणि ह्यांना सांगितलं की स्टेशन जवळ पडतं. तरी दोन वर्षं त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. भाजीला जातानासुद्धा वळसा घालून जायचे, कारण त्या घरात अजून ती राहते हे मला ठाऊक होतं. ती म्हणजे खालची. घरमालकांची मुलगी, तळमजल्यावर राहणारी, म्हणून आपण घरात तिला खालचीच म्हणायचो. माझ्याहून वर्षाने मोठी. आता केस पांढरे झालेत तिचे, मी अजून रंगवते.

तुमची बँकेतली बदली झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. हावड्याला उतरलो, टॅक्सीच्या टपावर गाद्यांची वळकटी बांधली, आणि त्या घराच्या फाटकात उभं राहून तुम्ही सामान मोजायचं सोडून झाडाकडे बघत बसलात. आईने दोनदा हाक मारली. मला ते झाड काही खास वाटलं नव्हतं. वरून चकचकीत, खालून गंजल्या रंगाची जाड पानं, बस्. पण पहिल्या चैत्रात आपल्या वरच्या गॅलरीच्या कठड्यालगतच्या फांदीवर ताटाएवढं पांढरं फूल उमललं आणि तुम्ही बँकेत उशिरा गेलात. तुम्ही, बाबा! ताप असतानाही वेळेवर जाणारे. तुम्ही त्याला हिमचंपा म्हणालात, खालच्या आजी उदयपद्म म्हणाल्या, आई म्हणाली देवाला वाहता येत नाही एवढं मोठं. त्या दिवसापासून तुमचा एक नेम ठरला. वर्षाचं पहिलं फूल, त्याचा एकच फोटो. पहिल्या वर्षी ते योगायोगाने पाडव्याला आलं होतं, म्हणून तुम्ही त्याला पाडव्याचं फूल म्हणायचात, मग ते दोन दिवस मागेपुढे उमललं तरी.

तुमचा कॅमेरा मी डोळे मिटून काढून दाखवीन. चौकोनी, पुढे दोन भिंगं, गळ्यात अडकवून वरून खाली डोकावायचं. आत काचेवर सगळं डावं-उजवं उलटं दिसायचं. एका रोलवर बारा फोटो. त्यामुळे तुम्ही घाईने बटण कधी दाबलं नाहीत. आणि दुसऱ्या कुणाच्या हातात कॅमेरा द्यायचा तर आधी तो प्रश्न. मला तुम्ही तो पहिल्यांदा विचारलात तेव्हा आपण गॅलरीत होतो, मी स्टुलावर उभी, कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात, त्याच्या कातडी पेटीचा वास मला अजून येतो. तुम्ही म्हणालात, ‘आधी सांग, काय दिसतंय?’ मी म्हटलं, ‘फूल.’ तुम्ही जरा वेळ थांबलात. अजून काही? मी म्हटलं, पांढरं फूल. तुम्ही हसलात, रागावला नाहीत, पट्टा माझ्या गळ्यातून काढून घेतलात आणि म्हणालात, पुढच्या वर्षी. मग खालची वर आली, आईने तिला बोलावलं होतं साबुदाण्याची खिचडी खायला. तिलाही तुम्ही तेच विचारलंत, तुमच्या त्या मोडक्या बंगालीत. तिने काचेवर इतका वेळ डोकं घातलं की मला वाटलं ती झोपली. मग म्हणाली, आत कोणीतरी आगपेटी सांडली आहे. फुलाच्या मधले बारीक तुरे गळून खालच्या पाकळीच्या वाटीत पडले होते, अगदी काड्यांसारखे. मी ते पाहिलेच नव्हते. तुमचा चेहरा मी मात्र पाहिला. मी पहिल्या नंबराने पास झाले तेव्हाही तो तसा झाला नव्हता.

तिथून जे सुरू झालं ते झालंच. रविवारी सकाळी तुम्ही आम्हाला ट्रामने नदीकडे फिरायला न्यायचात, फोर्ट विल्यमच्या बाजूने मोकळ्या मैदानातून, आणि खिडकीची जागा तिला. का, तर ती बघते. मी काय डोळे मिटून बसायचे का? ती तुम्हाला काकू म्हणायची, बंगालीत काकांना तसंच म्हणतात, आणि आई हसून हसून बेजार व्हायची. मला हसू यायचं नाही. माझ्याशी तुमचं बोलणं म्हणजे अभ्यास झाला का, दूध प्यालीस का. तिच्याशी उजेड, सावली, पानाची मागची बाजू. रोल धुऊन आला की पाकीट आधी खाली जायचं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून तुमचं दोघांचं बोलणं ऐकत असे, आणि माझ्या पोटात जे दुखायचं त्याला आई ओवा द्यायची.

आणि मग तो शेवटचा पाडवा. मी तेरा वर्षांची. आदल्या आठवड्यात तुम्ही जेवताना सहज सांगितलंत की यंदा पाडव्याच्या फुलाचा फोटो खालची काढेल. सहज! मीठ वाढ म्हणावं तसं. ते पुढच्या वर्षीचं वचन तुम्ही विसरला होता. तीन वर्षं झाली होती, मी मोजत होते, तुम्ही नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी आई स्वयंपाकघरात होती. टकदोई, म्हणजे इथलं आंबट दही, आणून फडक्यात बांधून तिने नळाला टांगली होती श्रीखंडासाठी, आणि गाठी इथे मिळत नाहीत म्हणून बत्ताशांची माळ ओवत बसली होती. तुम्ही बँकेतून आला नव्हता. कठड्यापलीकडे ती कळी उद्या उमलायला टेकलेली, टोकाला सैल झालेली. मी स्टूल ओढलं, कठड्यावरून वाकले, डाव्या हाताने फांदी आत घेतली आणि उजव्या हाताची पाचही बोटं त्या पाकळ्यांवर दाबली. जोराने नाही. सावकाश. एक पाकळी झाली की दुसरी. पाकळ्या थंड आणि जाड होत्या, आणि तेव्हा काहीच दिसलं नाही. मला क्षणभर वाटलंही की काही होणार नाही. पण मला ठाऊक होतं काय होणार ते. या फुलाला बोट लागलं की काही तासांत तिथे तपकिरी डाग उठतो, हे तुम्हीच शिकवलं होतंत, तिला शिकवताना मी जिन्यावर ऐकलं होतं.

सकाळी गुढी उभी राहिली. खालच्या आजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, तांब्या उलटा का घालता, आणि आईने नेहमीप्रमाणे हिंदीतून समजावलं. खालची नवा फ्रॉक घालून वर आली होती. आईने आम्हा दोघींच्या हातावर कडुनिंबाची चटणी ठेवली आणि बजावलं, आज कुणी रडायचं नाही, कुणी बोलणी खायची नाहीत, आज जे होतं ते वर्षभर होतं. हेही तिने हिंदीतून सांगितलं, खालचीसाठी. तेवढ्यात तुम्ही गॅलरीतून आत आलात. कॅमेरा गळ्यात होता. तुम्ही इतकंच विचारलंत, फुलाला हात कुणी लावला? मी माळेतले बत्तासे मोजायला लागले. आणि खालची म्हणाली, ‘आमि.’ मी.

तुम्ही तिच्याकडे बघितलंत. मग माझ्याकडे. मग तिला म्हणालात, चल खाली. मला वाटलं, सणाच्या दिवशी घरात आवाज नको म्हणून अंगणात नेलंत. मी गॅलरीच्या दाराआडून पाहत होते. तुम्ही आपल्या गॅलरीच्या बरोबर खाली उभे राहिलात, ती मान खाली घालून समोर, आणि तुम्ही तिला रागावायला लागलात, मोठ्याने, मराठीत. तिच्याशी तुम्ही मराठीत कधीच बोलत नव्हता. मला वाटलं, माणूस चिडला की त्याला आपलीच भाषा आठवते. एवढंच कळलं आणि मी दोन्ही कानांत बोटं घातली. ती खोटं का बोलली याचा विचार नंतर केला, तेव्हा फक्त एवढंच वाटत होतं की सुटले. वर आलात तेव्हा तुम्ही माझ्या ताटाकडे बघितलंत. मी दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं होतं. मग तुम्ही खालचीला गॅलरीत बोलावून त्याच डागाळलेल्या फुलाचा फोटो काढायला लावलात.

दोन महिन्यांनी नागपूरला बदली झाली. सामान बांधून झालं आणि तुम्ही कॅमेरा पेटीत घालून खाली गेलात आणि रिकाम्या हाताने वर आलात. आईने विचारलं, तुम्ही म्हणालात, दिला तिला. त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात घर करून बसली, आणि ती मी तुम्ही दवाखान्यात असतानाही विचारली नाही. तुमच्या समजुतीप्रमाणे फूल तिने नासवलं होतं. तरीही कॅमेरा तिला. म्हणजे ती काहीही करो, तुमची माया तिच्यावर, आणि मी कितीही गुणी राहिले तरी फूल एके फूल. ज्या गोष्टीसाठी मला फाडून खायला हवं होतंत, ती तिच्या नावावर असूनही तिला बक्षीस मिळालं. चाळीस वर्षं मी हे चावत आले, बाबा. सख्खी लेक मी होते.

मागच्या महिन्यात गडियाहाटच्या बाजारात तिने मला ओळखलं. मी पालेभाजी निवडत होते, मागून कोणी तरी स्वच्छ मराठीत म्हणालं, ‘तू अजून देठ मोडून बघते?’ वळून बघते तर ती. ती शिकवायची त्या शाळेत फोर्ट विल्यममधल्या मराठी फौजी घरांतली मुलं यायची, त्यांच्याशी बोलून बोलून मराठी शिकले म्हणाली. लिंग चुकतं, पण माझ्या मुलीपेक्षा बरं बोलते. माझी लेक फोनवर आई, आय ॲम बिझी यापलीकडे जात नाही. घ्या, तीही तुमची भाषा तिच्याचकडे. पाडव्याला ये म्हणाली. कळी धरली आहे म्हणाली. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून आले.

म्हणून काल गेले. वरचा मजला बंद आहे, गॅलरीला जाळी मारलीये. झाड घरापेक्षा उंच झालंय, पण एक फांदी तिने जपून खाली राखलीये, छातीएवढ्या उंचीवर, म्हातारपणी वर चढायला नको म्हणून. फूल उमललं होतं. तिने तुमचा कॅमेरा आणला, तीच पेटी, शिवण उसवून पुन्हा शिवलेली. रोल कुठूनसा भाची पाठवते. तिने तो माझ्यापुढे धरला, तू काढ म्हणून. मी म्हटलं, नको, तुझं आहे ते. इतक्या कडूपणाने म्हटलं की तिने मुकाट्याने स्वतःच काढला. एकच. मग आत नेऊन तिने मला वही दाखवली. दर वर्षाचं पहिलं फूल, दर पानावर एक, तुमच्या नेमाप्रमाणे. ना कुठे प्रदर्शन, ना कुठे छापून आलेले. कुणाला दाखवायचे नव्हतेच म्हणाली, काकूने सांगितलं होतं म्हणून काढले. पहिल्या पानावर आमचं ते फूल होतं. काळ्या-पांढऱ्या फोटोत डाग करडे दिसतात. फोटो आपल्या गॅलरीतून काढलेला, आणि पाचही बोटं कठड्याच्या बाजूने, वरून खाली टेकलेली. खाली राहणाऱ्या मुलीचा हात तिथे शिडी लावूनसुद्धा तसा पडला नसता. आगपेटीच्या काड्या टिपणाऱ्याला जो माणूस शाबासकी देतो, त्याला हे दिसलं नसेल?

मी तिला विचारलं, तू का सांगितलंस तुझं नाव? ती म्हणाली, ‘मी गाण्याच्या क्लासहून येत होते, फाटकातून तुला बघितला. सकाळी काकी म्हणाली, आज बोलणी खाल्ली तर वर्षभर खायला लागते. तुझा वर्ष त्या दिवशी लागत होता. आमचा नवा वर्ष, पोइला बोइशाख, अजून पंधरा दिवस लांब होता. मला काय लागणार होता?’ तेरा-चौदा वर्षांच्या पोरीचा हिशेब. मग ती म्हणाली की काकू काय बोलले ते तिला तेव्हा अक्षर कळलं नव्हतं, सगळं मराठीत, पण कान गाण्याचा, म्हणून पाठ झालं होतं. नंतर, आपण नागपूरला जायच्या आधी, एकेक शब्द तिने माझ्या आईकडून विचारून घेतला, पुऱ्या लाटता लाटता. आणि तिने ते म्हणून दाखवलं, बाबा. तुमच्याच हेलात, बंगाली ओठांनी. ‘फूल गेलं त्याचं काही नाही. परवा दुसरं येईल. पण करून लपायचं नाही. समोर यायचं. मी इथेच उभा आहे. ये समोर.’ आणि मग भाबडेपणाने म्हणाली, ‘मी तर समोरच उभी होते. मला वाटला, काकू रागात आहे, म्हणून असा बोलतो.’

मी पाणी मागितलं. तिला खरंच कळलं नव्हतं, चाळीस वर्षांत. किंवा कळलं असेल आणि मला कळू द्यायचं असेल, ती तुमचीच शिष्या, काय सांगावं. तुम्ही गॅलरीखाली मराठीत कुणाला रागावत होता ते मला आता दिसलं. किती वेळ थांबला होता? मी कानांत बोटं घालून आत बसले होते आणि तुम्ही मला बोलावत होता, आणि मी आले नाही म्हणून तुम्ही जी समोर उभी राहिली तिला कॅमेरा दिलात. बरोबर केलंत. हे दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, पण बरोबर केलंत.

आता डागाचं. तुम्हाला वाटेल की हे सगळं ऐकून मी निवळले, तिला मिठी मारली. नाही. ती चहा टाकायला आत गेली आणि मी अंगणात एकटी होते, आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तुम्ही आयुष्यात एकदाच मला मनापासून रागावलात, तेही तिच्याकडे राहिलं, तिने ते पाठ करून, जपून, वापरून गुळगुळीत केलं होतं. माझ्या वाटची बोलणीसुद्धा तिनेच खाल्ली. मी फुलाजवळ गेले आणि एका पाकळीवर अंगठा दाबला. चौपन्न वर्षांची बाई मी. मग चहा प्याले, श्रीखंड खाल्लं आणि घरी आले. रात्र कशी काढली ते सोडा.

सकाळी फाटक उघडून आत गेले तेव्हा ती फुलापाशीच उभी होती. डाग चांगला उठला होता. मी तिच्यासमोरच फोनवर फोटो काढत सुटले, काहीतरी करायला हवं म्हणून. तिने डाग बघितला, मला बघितलं, आणि म्हणाली की तिचं नवं वर्ष अजून लागायचंय, हवं तर तिच्या नावावर घालू. थट्टेनेच म्हणाली. मी फोन खाली घेतला आणि म्हटलं, ‘नको. मी लावला हात. कालही, तेव्हाही.’ ती रागावली नाही. मान हलवली, आणि फुलाकडे बोट करून अगदी तुमच्यासारखं थांबून म्हणाली, ‘मग सांग, काय दिसतंय?’ मी म्हटलं, ‘माझा अंगठा.’

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. तुमच्या कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवून दिलं असतं, पण पेटी तिच्याकडे आहे, आणि खरं सांगू, ते मला अजूनही सोसत नाही.